जाड भिंतीपासून लपलेल्या वणापर्यंत : हृदयचित्रण आणि आकस्मिक मृत्यूचे भाकीत

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हा हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक विकार आहे. यात रक्तदाब वाढलेला नसतो, झडपही आकसलेली नसते, तरी डाव्या निलयाची भिंत जाड होत जाते. दोन निलयांमधला पडदा तर विशेषच जाडावतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या पेशी ओळीने लागलेल्या न दिसता वेड्यावाकड्या गुंतलेल्या दिसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत तंतुमय वण साचलेले असतात. ज्या विद्युत लहरीने हृदयाचा ठोका पडतो, ती अशा ठिकाणी अडखळते, वळसा घेते आणि गोलगोल फिरत राहते. एखाद्या क्षणी ताल पूर्ण मोडतो, निलये नुसती थरथरतात, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस काही मिनिटांत दगावतो. असे रुग्ण थोडेच. बाकीचे बहुतेक जण पूर्ण आयुष्य जगतात. या थोड्यांना वेळेआधी कसे ओळखायचे, या प्रश्नाच्या मागे लागूनच हृदयचित्रणाच्या गेल्या सत्तर वर्षांतला एक महत्त्वाचा अध्याय घडला.

शवविच्छेदनातून लागलेला शोध

लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांच्याकडे अकस्मात मेलेल्या माणसांची शवे तपासणीसाठी येत. 1958 मध्ये त्यांनी आठ तरुणांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. वये 14 ते 44 आणि आठांपैकी सात जणांचा मृत्यू आकस्मिक. पडद्याची जाडी अशी एकांगी वाढलेली होती की पाहणाऱ्याला स्नायूत गाठ असल्याची शंका यावी. आजाराचे आधुनिक वर्णन येथून सुरू झाले, पण ते मृतांचे वर्णन होते. जिवंत माणसात हीच विकृती ओळखण्याचे साधन त्या वेळी जवळजवळ नव्हते.

जे होते ते हृदयात नळी घालण्याचे तंत्र. 1929 मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण छायाचित्र काढून तिची जागा दाखवली. पुढे आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी न्यूयॉर्कमध्ये या तंत्राला रोजच्या उपयोगाचे रूप दिले. 1956 चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. नळीने हृदयाच्या कप्प्यांतला दाब मोजता येई, आणि क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून कप्प्याची पोकळीही पाहता येई. भिंत मात्र दिसत नसे.

या मर्यादेचा फटका शल्यविशारदांना बसला. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रसेल ब्रॉक आणि अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अँड्र्यू ग्लेन मॉरो यांनी महारोहिणीच्या मुखाशी अडथळा आहे असे समजून रुग्णांची हृदये उघडली. आत झडप निरोगी आणि अडथळा कोठेच नाही. दाबातला फरक नळीने मोजलेला होता, पण तो स्नायूच्या आकुंचनातून ठोक्यागणिक तयार होणारा आणि विरणारा अडथळा होता. थांबवलेल्या हृदयात तो दिसणार कसा? मॉरो यांचे सहकारी यूजीन ब्राउनवाल्ड यांनी 1964 मध्ये 64 रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध करून या आजाराची लक्षणे, दाब आणि कुटुंबातला वारसा यांची सुसूत्र मांडणी केली. मॉरो यांनी पडद्यातला जादा स्नायू कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्वतः मॉरो यांनाही हाच विकार होता आणि 1982 मध्ये त्यांचा मृत्यू त्यामुळेच झाला.

ध्वनीने काढलेले चित्र

भिंत दाखवणारे साधन वैद्यकाच्या बाहेरून आले. स्वीडनमधील लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधी मायट्रल झडप आकसली आहे की गळते आहे हे नेमके कळायला हवे होते. तरुण भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेलमुट हर्ट्झ यांना धातूतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधणारे उपकरण ठाऊक होते. असे एक उपकरण त्यांनी माल्मो येथील कोकुम्स या जहाजबांधणीच्या कारखान्यातून शनिवार-रविवारपुरते मागून आणले आणि छातीवर लावून पाहिले. हृदयाकडून परतणारा प्रतिध्वनी ठोक्याबरोबर हलताना दिसला. हर्ट्झ यांचे वडील, नोबेल विजेते गुस्ताव हर्ट्झ, पूर्वी सीमेन्सच्या संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. त्या ओळखीतून सीमेन्सने एक उपकरण वापरायला दिले. 29 ऑक्टोबर 1953 रोजी या दोघांनी हृदयाचा पहिला ध्वनी-आलेख नोंदवला.

आलेखातल्या रेषा कशाच्या, हे ठरवायला पुढची काही वर्षे गेली. एडलर यांनी आरंभी एक ठळक रेषा डाव्या अलिंदाच्या भिंतीची मानली होती. ध्वनीच्या शलाकेची दिशा शवविच्छेदनात पडताळून पाहिल्यावर ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पाळीची असल्याचे त्यांना आढळले. चित्र मिळाले तरी त्याचा अर्थ शरीराशी ताडून पाहावा लागतो, ही शिस्त या शास्त्राला जन्मापासूनच लागली. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात हार्वे फायगेनबॉम यांनी ही पद्धत उचलली, तंत्रज्ञ तयार केले आणि 1972 मध्ये या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिले. एडलर आणि हर्ट्झ यांना 1977 चे लास्कर पारितोषिक मिळाले.

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीच्या बाबतीत या तंत्राने चित्र साफ पालटले. 1969 मध्ये रॉचेस्टर येथे प्रवीण शाह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की निलय आकुंचन पावताना मायट्रल झडपेची पाळी पुढे ओढली जाऊन जाड पडद्याला टेकते आणि तेथेच अडथळा तयार होतो. ब्रॉक आणि मॉरो यांना हात घालूनही न सापडलेली गोष्ट छाती न उघडता दिसली. 1970 च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वॉल्टर हेन्री, चेस्टर क्लार्क आणि स्टीफन एपस्टाइन यांनी पडद्याची जाडी मागच्या भिंतीच्या निदान 1.3 पट असणे हा निदानाचा निकष ठरवला. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे लिव्ह हाटले यांनी डॉपलर तंत्राने रक्ताचा वेग मोजून त्यावरून दाबातला फरक काढण्याची रीत पक्की केली. वेगाच्या वर्गाची चौपट, इतके साधे ते गणित. दाब मोजण्यासाठी प्रत्येक वेळी नळी घालण्याची गरज संपली.

साधन निरुपद्रवी असल्याने ते रुग्णाच्या आईवडिलांवर, भावंडांवर आणि मुलांवरही वापरता येऊ लागले. कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी नातेवाइकांच्या हृदयात जाडी आढळली. 1995 मध्ये अमेरिकेतील 4111 तरुण प्रौढांच्या इको, म्हणजे ध्वनिलहरींच्या, तपासणीतून हा विकार साधारण 500 जणांत एकाला असतो असा अंदाज निघाला. दुर्मीळ आणि प्राणघातक समजला जाणारा आजार मुळात बराच सर्रास आणि बहुतेकांत सौम्य आहे, हे त्यातून कळले. मोठ्या रुग्णालयांच्या जुन्या नोंदींत दरवर्षी शेकडा तीन ते सहा मृत्यू दिसत, कारण तिथे गंभीर रुग्णच पोहोचत. आता आकस्मिक मृत्यूचे प्रमाण वर्षाला शेकडा एक किंवा त्याहून कमी मानले जाते. भाकिताचे काम यामुळे अधिक अवघड झाले. शंभरांतला तो एक कोण, हे शोधायचे होते.

मैदानावरचे मृत्यू आणि विजेचा उपाय

1980 मध्ये बॅरी मॅरॉन यांनी अकस्मात मेलेल्या 29 तरुण खेळाडूंचा अभ्यास मांडला. त्यांच्यापैकी 14 जणांना हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी होती. सर्वांत तंदुरुस्त दिसणाऱ्या शरीरात हा धोका दडलेला असू शकतो हे जगाला त्यानंतरही वारंवार दिसले. 26 जून 2003 रोजी ल्यों येथे कॅमेरूनचा 28 वर्षांचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए सामना चालू असताना कोसळून मरण पावला. शवविच्छेदनात हाच विकार निघाला.

इटलीत पादुआ येथे गाएतानो थिएने आणि सहकाऱ्यांनी आणखी एका विकाराकडे लक्ष वेधले. त्यात उजव्या निलयाच्या स्नायूची जागा चरबी आणि तंतू घेतात आणि तेथून घातक ताल उठतो. इटलीने 1982 पासून स्पर्धक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतात या काळात खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू लाखात 3.6 वरून 0.4 वर आले, असे दोमेनिको कोरादो यांनी 2006 मध्ये दाखवले. या उजव्या निलयाच्या विकाराने चित्रणालाही एक धडा दिला. 1990 च्या दशकात एमआरआयमध्ये स्नायूत चरबी दिसली की हा विकार आहे असे निदान होऊ लागले. निरोगी हृदयातही तेथे चरबी असते, आणि अनेक निरोगी माणसांच्या माथी हा आजार मारला गेला. 2010 च्या सुधारित निकषांत एमआरआयमधील चरबीला जागा उरली नाही. निलयाचे घनफळ, त्याची कार्यक्षमता आणि भिंतीची हालचाल यांवरच भर राहिला.

धोका ओळखून करायचे काय, हाही प्रश्न तितकाच बिकट होता. अमेरिकेतील माँटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी दिवसभराचा ईसीजी नोंदवणारे यंत्र तयार केले होते. 1981 मध्ये मॅरॉन यांनी अमेरिकेत आणि विल्यम मॅकेना यांनी लंडनमध्ये दाखवले की होल्टरच्या नोंदीत निलयांतून उठणाऱ्या जलद ठोक्यांच्या छोट्या सरी दिसणाऱ्या रुग्णांत आकस्मिक मृत्यू अधिक होतात. मात्र तालावरची औषधे भरवशाची नव्हती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर झालेल्या ‘कास्ट’ चाचणीत 1989 मध्ये धक्कादायक निष्कर्ष निघाला. जादा ठोके दाबणाऱ्या एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड या औषधांनी मृत्यू वाढले होते.

खरा उपाय एका शिष्याच्या दुःखातून आला. वॉर्सा येथे जन्मलेले मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू हॅरी हेलर 1966 मध्ये इस्रायलमध्ये निलयांचा ताल बिघडून वारले. शरीराच्या आत बसून बिघडलेला ताल ओळखणारे आणि स्वतःहून विजेचा झटका देणारे यंत्र करायचे, असे मिरोव्स्की यांनी ठरवले. बाल्टिमोर येथे मॉर्टन मोवर यांच्या साथीने त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. विजेच्या झटक्याने ताल सुधारण्याच्या तंत्राचे आद्य पुरस्कर्ते बर्नार्ड लाउन यांनीच या कल्पनेवर जाहीर टीका केली, तरी मिरोव्स्की मागे हटले नाहीत. 4 फेब्रुवारी 1980 रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिले आयसीडी यंत्र माणसाच्या शरीरात बसले. 2000 साली मॅरॉन यांनी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीच्या 128 रुग्णांत या यंत्राचा हिशेब मांडला. साधारण तीन वर्षांच्या काळात 23 टक्के रुग्णांत यंत्राने खरोखरीच्या घातक तालावर योग्य झटका दिला होता.

यंत्र जीव वाचवते हे सिद्ध झाले. तरी ते सर्वांना बसवण्याजोगे नाही. तारा तुटतात, जंतुसंसर्ग होतो, कारण नसताना झटके बसतात, आणि तरुणाला ते आयुष्यभर बदलत राहावे लागते. भाकिताला खरे वजन आले ते येथून. एखाद्याला यंत्र द्यायचे की नाही, हे आता चित्रातल्या आकड्यावर ठरू लागले.

एका आकड्याची सत्ता

सर्वांत प्रभावी ठरलेला आकडा म्हणजे ईएफ, अर्थात निलयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकले जाते ते प्रमाण. निरोगी माणसात ते साधारण 55 ते 70 असते. 2002 च्या ‘मॅडिट-2’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि ईएफ 30 किंवा त्याहून कमी असलेल्या 1232 रुग्णांत आयसीडीने मृत्यू 19.8 टक्क्यांवरून 14.2 वर आणले. 2005 मध्ये 2521 रुग्णांच्या ‘एससीडी-हेफ्ट’ चाचणीत ईएफ 35 किंवा कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका 23 टक्क्यांनी घटला. तेव्हापासून 35 ही जगभर सीमारेषा बनली.

या रेषेने असंख्य जीव वाचवले, पण तिचा दोषही लवकर कळला. आकस्मिक हृदयमृत्यू झालेल्या बहुसंख्य माणसांचा ईएफ 35 च्या वरच असतो. उलट, रेषेखाली यंत्र बसवलेल्या अनेकांना त्याची गरज कधीच पडत नाही. डेन्मार्कमधील ‘डॅनिश’ चाचणीने 2016 मध्ये हे ठळक केले. रक्तवाहिन्यांच्या आजाराव्यतिरिक्त कारणांनी हृदय दुबळे झालेल्या 1116 रुग्णांत आयसीडीने आकस्मिक मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, पण एकूण मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही.

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीत तर ईएफ बहुधा उत्तमच असतो, म्हणून तेथे जाडीचा आकडा शोधला गेला. जेनोआच्या पाओलो स्पिरितो यांनी 2000 मध्ये 480 रुग्णांचा पाठपुरावा मांडला. भिंत 15 मिलिमीटर किंवा कमी असलेल्यांत एकही आकस्मिक मृत्यू नव्हता. 30 मिलिमीटर आणि वर गेलेल्यांत हजार रुग्णवर्षांमागे तो दर 18.2 होता. नाते स्पष्ट होते, तरी इतकी जाड भिंत थोड्याच रुग्णांत असते. त्यामुळे आकस्मिक मृत्यू आलेल्या बहुतेकांची भिंत 30 पेक्षा पातळच निघते.

वण दिसू लागला

हृदयाचा आकार आणि हालचाल पाहून जे कळत नव्हते ते ऊती पाहून कळू लागले. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांनी गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून देऊन काही मिनिटांनी हृदयाचा एमआरआय काढण्याची पद्धत विकसित केली. हे द्रव्य जिवंत पेशींच्या आत शिरत नाही. निरोगी स्नायूतून ते लवकर वाहून जाते, पण जेथे पेशी मरून तंतू साचले आहेत तेथे रेंगाळते. निरोगी भाग काळा आणि वण पांढरा उठून दिसतो. 2000 साली 50 रुग्णांच्या अभ्यासात त्यांनी दाखवले की वण भिंतीच्या जाडीत जितका खोल, तितकी रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावरही तो भाग सुधारण्याची शक्यता कमी. टिअर यांनी शवात पाहिलेले तंतू आता जिवंत माणसात मोजता येऊ लागले.

ताल बिघडण्याचे मूळ वणात असल्याने भाकितासाठी हे चित्र फार मोलाचे होते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील अंकुर गुलाटी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या, म्हणजे निलय फुगून दुबळे झालेल्या 472 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंतीच्या मधल्या थरात वण असलेल्यांपैकी 29.6 टक्क्यांना आकस्मिक मृत्यू किंवा त्याच्या तोंडून परतण्याचा प्रसंग आला. वण नसलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. पुढच्या वर्षी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीच्या 1293 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात बॅरी मॅरॉन यांचे पुत्र मार्टिन मॅरॉन यांचा प्रमुख सहभाग होता. निलयाच्या स्नायूचा 15 टक्के किंवा अधिक भाग वणाने व्यापलेला असेल तर आकस्मिक मृत्यूचा धोका दुप्पट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

सूत्र आणि निर्णय

2014 मध्येच लंडनच्या कॉन्स्टँटिनोस ओ'माहोनी, पेरी एलियट आणि मॅकेना यांच्या गटाने युरोपातील सहा केंद्रांतल्या 3675 रुग्णांच्या नोंदींवरून एक सूत्र तयार केले. वय, भिंतीची जाडी, डाव्या अलिंदाचा आकार, अडथळ्याचा दाब, कुटुंबातला आकस्मिक मृत्यू, होल्टरमधल्या जलद ठोक्यांच्या सरी आणि कारण न कळलेली मूर्च्छा या सात गोष्टी भरल्या की पुढच्या पाच वर्षांतला धोका टक्क्यांत मिळतो. सहा टक्के किंवा अधिक असेल तर आयसीडीचा विचार व्हावा, चारहून कमी असेल तर सहसा नको, मधल्यांत तारतम्याने ठरवावे, असा युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला होता.

या सात गोष्टींपैकी तीन इकोतून येतात. वणाला मात्र सूत्रात जागा नव्हती, कारण जुन्या नोंदींत एमआरआय नव्हते. अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वेगळी वाट धरली. मोठा वण, निलयाच्या टोकाचा फुगा आणि ईएफ 50 च्या खाली जाणे यांना त्यांनी स्वतंत्र धोक्याची चिन्हे मानले आणि निर्णय रुग्णाशी बोलून घ्यावा असे सांगितले. एक पद्धत गणिताकडे झुकलेली, दुसरी चिन्हांकडे. पहिली काही धोक्यातल्या रुग्णांना निसटू देते, दुसरी काहींना गरज नसताना यंत्र बसवते.

यापुढचा प्रयत्न चित्रातून हृदयाची संगणकीय प्रतिकृती करण्याचा आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नतालिया त्रायानोव्हा यांच्या गटाने 2016 मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 41 रुग्णांच्या एमआरआयवरून आभासी हृदये बनवली आणि त्यांत निरनिराळ्या ठिकाणांहून ठोके देऊन घातक ताल उठतो का हे पाहिले. वणाच्या आकारमानाबरोबरच त्याचा घाट आणि जागा यांतूनही विद्युत लहर कशी फिरेल हे या पद्धतीत तपासता येते. मोठ्या आणि विविध लोकसंख्येवर तिची कसोटी लागणे मात्र आवश्यक आहे, कारण वर सांगितलेले बहुतेक आकडे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांचे आहेत.

भारतासाठी हा मुद्दा कळीचा आहे. 2009 मध्ये हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज यांच्यासह अनेक संशोधकांनी दाखवले की हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या, एमवायबीपीसी-3 या जनुकातून 25 अक्षरे गळालेला एक बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळतो आणि तो हृदयस्नायूच्या विकारांशी जोडलेला आहे. हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असे नाही. कोणाला होईल हे सांगण्यासाठी येथल्याच लोकांची चित्रे आणि त्यांचा दीर्घ पाठपुरावा हवा.

या इतिहासात प्रत्येक नव्या चित्राने एक आकडा दिला आणि प्रत्येक आकडा एकटा अपुरा ठरला. जाडी, अडथळा, ईएफ, वण यांतले कोणतेही एक चिन्ह एका माणसाचे भवितव्य सांगत नाही. ती सारी एकत्र वाचावी लागतात, तीही कुटुंबाच्या इतिहासासह. म्हणूनच घरात एखादा तरुण कारण न कळता अकस्मात गेला असेल किंवा कोणी धावताना, खेळताना बेशुद्ध पडले असेल, तर ते नशिबावर सोडू नये. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी हृदयरोगतज्ज्ञांकडून ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यावे आणि त्यांना कुटुंबातल्या मृत्यूंची पूर्ण माहिती द्यावी. तपासणी साधी आहे, आणि धोका वेळेत कळला तर त्यावर आज उपायही आहे.